कंपवातासाठी स्किन बायॉप्सी: करावी का? आणि दरवर्षी करून आजार किती पुढं गेला ते कळतं का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आधीचे धागे शोधले पण बहुतेक सगळे व्यायाम आणि गोळ्यांच्या वेळा यावर आहेत, या टेस्टबद्दल काही मिळालं नाही म्हणून नवीन धागा काढतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमचे अण्णा, वय ६८, रिटायर्ड शिक्षक, वाईला असतात. मागच्या दिवाळीच्या आसपास उजवा हात नुसता मांडीवर ठेवलेला असला की थरथरायला लागला, काही उचलायला गेले की थांबतो. वय झालं म्हणून आम्ही सोडून दिलं. मग चालताना तो हात हलायचा बंद झाला, शर्टाची वरची बटणं आई लावून द्यायला लागली, आणि बँकेत सही जुळेना. अक्षर सुरुवातीला ठीक असतं पण ओळ संपेपर्यंत इतकं बारीक होतं की त्यांचं त्यांनाच वाचता येत नाही. पुण्यात न्यूरोलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी बोटं टॅप करायला लावली, मनगट फिरवून बघितलं, कॉरिडॉरमध्ये चालवलं, मागं उभं राहून खांदे झटकन ओढले, एमआरआय बघितला (त्यात विशेष काही नाही) आणि म्हणाले पार्किन्सन्स (कंपवात) वाटतोय, सिंडोपा (त्यावरची नेहमीची गोळी) चालू करतो, तीन महिन्यांनी या.

आता दादा अमेरिकेत फिनिक्सला असतो, त्याचं म्हणणं असं की नुसतं बोटं टॅप करून एवढं मोठं निदान कसं काय करतात, तिकडं आता कातडीचा बारीक तुकडा काढून पार्किन्सन्स आहे की नाही सांगतात, त्याच्या ऑफिसमधल्या एकाच्या वडिलांची केली. त्यानं दोन-चार लिंकाही पाठवल्यात, त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. मेमध्ये अण्णा-आई त्याच्याकडं जाणारच आहेत तर तिथंच करून घेऊ आणि मग दरवर्षी करत राहू म्हंजे गोळ्यांनी फरक पडतोय का आजार वाढतोय ते आकड्यात कळेल, असं त्याचं चाललंय.

माझे प्रश्न: ही टेस्ट नक्की काय बघते, किती भरवशाची आहे, आणि दरवर्षी करून ट्रॅकिंग वगैरे होतं का? इथल्या डॉक्टरांना विचारलं तर ते हसून म्हणाले आत्ता गरज नाही. हसण्यासारखं आहे का हे खरंच?

स्लाइडवाली

मी हिस्टोपॅथॉलॉजीत (तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासायचं काम) आहे, न्यूरोलॉजिस्ट नाही, तेवढं धरून वाचा.

टेस्ट काय बघते ते आधी. अल्फा-सिन्यूक्लिन नावाचं एक प्रोटीन आपल्या सगळ्यांच्या मज्जातंतूंत असतं, ते असणं म्हणजे आजार नाही. पार्किन्सन्समध्ये ते चुकीच्या पद्धतीनं दुमडतं, एकमेकांना चिकटतं आणि पेशीत त्याचे गोळे साठतात. हे गोळे लेवी यांनी १९१२ मध्येच पाहिले होते, पण ते मुख्यतः याच प्रोटीनचे आहेत हे कळायला १९९७ उजाडलं. साठलेल्या प्रोटीनवर एका ठराविक जागी फॉस्फेट लागलेलं असतं, नॉर्मल प्रोटीनवर ते फारच कमी. म्हणून फॉस्फेटवाल्यालाच चिकटेल असं अँटीबॉडी वापरायचं, की साधं प्रोटीन बाजूला राहतं आणि बिघडलेलं तेवढं चमकतं.

मेंदूचा आजार कातडीत कसा, हा पुढचा प्रश्न सगळेच विचारतात. तर हा आजार नुसता मेंदूचा नाहीच. घामाच्या ग्रंथी, अंगावर काटा आणणारे केसांच्या मुळाशी असलेले बारके स्नायू, कातडीतल्या रक्तवाहिन्या, या सगळ्यांना ज्या ऑटोनॉमिक (आपल्या मनाविना आपोआप काम करणाऱ्या) नसा जातात त्यांच्यातही ते प्रोटीन साठतं. बद्धकोष्ठ, उभं राहिल्यावर बीपी पडणं, घामाच्या तक्रारी, ही लक्षणं त्याच नसांच्या कुटुंबातली.

तुमचा दादा म्हणतोय ती बहुतेक सिन-वन असणार, कंपनी स्कॉट्सडेलची, म्हणजे फिनिक्सच्या अगदी खेटूनच. त्यावरचा मोठा स्टडी मार्च २०२४ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. अमेरिकेतली ३० सेंटर्स, ४२८ माणसं, प्रत्येकाच्या तीन जागांचे ३ मिलिमीटरचे पंच: मानेच्या मागं, गुडघ्याच्या वर मांडीला आणि घोट्याच्या वर पायाला. पार्किन्सन्सच्या ९६ पैकी ८९ पॉझिटिव्ह म्हणजे ९२.७ टक्के, लेवी बॉडी डिमेन्शियाचे ५० पैकी ४८, एमएसएचे (मल्टिपल सिस्टिम ॲट्रोफी, पार्किन्सन्ससारखा दिसणारा पण वेगळा आजार) ५५ पैकी ५४, आणि प्युअर ऑटोनॉमिक फेल्युअरचे (ज्यात मुख्यतः त्या आपोआप चालणाऱ्या नसाच बिघडतात) २२ च्या २२. ज्यांना काहीच आजार नाही अशा १२० मध्ये ४ पॉझिटिव्ह निघाले. आकडे चांगलेच आहेत, हसण्यावारी नेण्यासारखे अजिबात नाहीत.

पण दोन पण. एक, त्या स्टडीत घेतलेले पेशंट एक्स्पर्ट लोकांनी आधीच पक्कं निदान केलेले होते. जिथं डॉक्टरच घोटाळ्यात आहेत अशा पेशंटमध्ये टेस्ट तेवढीच चालेल असं त्यावरून म्हणता येत नाही, आणि टेस्टची खरी गरज तर तिथंच. दोन, वरची यादी परत वाचा. चार वेगवेगळे आजार आणि चारही पॉझिटिव्ह! म्हणजे पॉझिटिव्ह आलं तर 'या गटातलं काहीतरी आहे' एवढं कळतं, 'पार्किन्सन्सच आहे' हे त्यातून निघत नाही. एमएसएमध्ये साठा जास्त आणि जास्त पसरलेला दिसतो, त्यावरून फरक सांगायचे प्रयत्न चालू आहेत, पण रिपोर्टची एक ओळ वाचून घरच्यांनी ते ठरवू नये.

अजून एक, हे फार महत्त्वाचं आहे म्हणून वेगळं लिहिते. कुणी हौसेनं इथल्याच स्किनवाल्याकडून पंच काढून साध्या फॉर्मॅलिनच्या बाटलीत जवळच्या लॅबला पाठवू नका. आम्ही रोज जे ३-४ मायक्रॉनचे काप काढून गुलाबी-जांभळा स्टेन करतो त्यात यातलं काहीही दिसत नाही. रिपोर्ट येईल 'नॉर्मल स्किन' आणि घरात पेढे वाटले जातील. यासाठी तुकडा वेगळ्या द्रावणात ठेवतात, त्यांचे काप कितीतरी जाड असतात, एका रंगात नस आणि दुसऱ्या रंगात ते प्रोटीन दाखवून दोन्ही एकावर एक येतात का ते फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली शोधत बसावं लागतं. मी एकदा कॉन्फरन्सला अशा स्लाइड बघितल्यात. घामाच्या ग्रंथीभोवती हिरव्या नसांचं जाळं आणि त्यातल्या एखाद्याच धाग्यावर बारीक लाल ठिपके, तेही अख्ख्या कापात कुठंतरी एका कोपऱ्यात. सवय नसलेल्या डोळ्याला सापडणार नाहीत.

पोहेवाला

वाचतोय. माझ्या सासऱ्यांसाठी उपयोगी.

ॲरिझोनातली_मीनल

कृष्णाकाठ, मी तुमच्या दादाच्याच गावात आहे, आणि माझ्या सासूबाईंची ही टेस्ट झालीय म्हणून लिहिते.

करणं म्हणाल तर काहीच नाही. सासूबाईंना वाटलेलं ऑपरेशन थिएटर वगैरे असेल, साडी नेसून डबा घेऊन निघाल्या होत्या. डॉक्टरांच्या नेहमीच्या खोलीतच झालं. तीन जागी भुलीचं इंजेक्शन, ते तेवढं चावतं, मग पेनाच्या रिफिलएवढ्या गोल ब्लेडनं पंच, तुकडा साबुदाण्याएवढा, टाका नाही, वर पट्टी. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असल्या तर आधी सांगा म्हणाले. मानेचं आणि मांडीचं पटकन भरून आलं, घोट्यावरचं बरेच दिवस लाल होतं.

रिपोर्ट आला पॉझिटिव्ह. आणि मग खरी गंमत (गंमत कसली). आम्हाला वाटलं चला निदान झालं, पार्किन्सन्स, आता गोळ्या घ्या. पण गोळ्यांचा म्हणावा तसा फरकच पडेना, उभ्या राहिल्या की डोळ्यापुढं अंधारी, बीपी बसून १४० आणि उभं राहिल्यावर ९५, लघवीचा त्रास सुरू झाला, आणि शेवटी ते निघालं एमएसए. म्हणजे टेस्ट चुकीची नव्हती, स्लाइडवालीताई म्हणतात तसंच, एमएसएमध्ये ती पॉझिटिव्हच येणार. आम्हीच त्या कागदावर जे लिहिलंय त्यापेक्षा जास्त वाचलं असं नाही, आम्हाला कुणी नीट समजावूनच दिलं नाही, दहा मिनिटांची अपॉइंटमेंट आणि पोर्टलवर पीडीएफ.

आणि तुमचे अण्णा व्हिजिटर व्हिसावर येणार असतील तर मेडिकेअर (इथला म्हाताऱ्यांचा सरकारी विमा) त्यांना लागू नाही, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले आधीपासूनच्या आजाराच्या तपासण्या सहसा धरत नाहीत. दादाला लॅबकडून खर्च लेखी घ्यायला सांगा आधी, इथं बिल नंतर येतं आणि मग तोंड उघडंच राहतं.

मिरजेचा_डॉक्टर

फॅमिली डॉक्टर आहे, वीसेक वर्षं प्रॅक्टिस. बायॉप्सीचं वर छान आलंय, मी जरा मागं जातो.

कृष्णाकाठ, अण्णा बाकीच्या गोळ्या कुठल्या घेतात? आणि मला 'बीपीची आणि गॅसची' असं उत्तर नको, प्रत्येक स्ट्रिपच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचून सांगा. आपल्याकडं ॲसिडिटीसाठी सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या ज्या कॅप्सूल असतात त्यातल्या अनेकांमध्ये पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड असतं. ते डोपामिन अडवतं, म्हणजे पार्किन्सन्समध्ये मेंदूत जे रसायन कमी पडतं तेच. एकदा कुणीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली असते, मग मेडिकलवाला तीच देत राहतो आणि माणूस वर्षानुवर्षं घेत राहतो. चक्कर येते म्हणून घेतलेली सिनॅरिझिन, अर्धशिशीची फ्लुनारिझिन, उलटीची मेटोक्लोप्रमाइड, मनोविकाराच्या काही गोळ्या, सगळ्यांनी हुबेहूब पार्किन्सन्ससारखं चित्र उभं राहू शकतं. थरथर, कडकपणा, मंदपणा, सगळं. औषध थांबवल्यावर बहुतेकांचं उतरतं, पण आठवड्यात नाही, काही महिने लागतात. काहींचं उतरत नाही, तेव्हा समजायचं की आतला आजार होताच आणि औषधानं तो फक्त लवकर उघडा पाडला.

हे मी अशासाठी विचारतोय की तीन जागी कातडी कापण्याआधी ही चौकशी फुकटात होते.

दुसरं म्हणजे आईंना तीन गोष्टी विचारा. अण्णांना वास येतो का. पोट रोज साफ होतं का, आणि नसेल तर कधीपासून. झोपेत ओरडणं, लाथा-बुक्क्या मारणं आहे का. या शेवटच्याचं महत्त्व फार आहे. स्वप्न पडताना आपलं शरीर लुळं असतं, या लोकांत ते लुळं पडत नाही म्हणून स्वप्नातली मारामारी खाटेवर होते. हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी हे सुरू झालेलं असू शकतं, आणि जर्मनी-इटलीत अशा लोकांच्या कातडीची तपासणी केली तेव्हा अर्ध्याहून जास्त जणांत ते फॉस्फेटवालं प्रोटीन सापडलं, हातापायाला काही नसताना.

निनाद_७८

सगळं ठीक आहे पण एक लक्षात घ्या, त्या जामाच्या पेपरच्या लेखकांमध्ये टेस्ट विकणाऱ्या कंपनीत हिस्सा असलेली मंडळी आहेत, पेपरात खाली लिहिलेलंच आहे. अमेरिकेत काहीही विकतात. आपल्याकडं नाडी बघून सांगायचे वैद्य.

स्लाइडवाली

@निनाद हितसंबंधाचा मुद्दा बरोबर आहे, आणि तो लपवलेला नाही हेही बरोबर आहे. पण कातडीतलं हे प्रोटीन त्या एकाच कंपनीनं शोधलेलं नाही. इटलीत बोलोन्याचा ग्रुप आणि जर्मनीत वुर्झबर्गचा ग्रुप दहा वर्षांहून जास्त काळ स्वतंत्रपणे तेच दाखवतायत. शिवाय अजून एक पूर्ण वेगळी पद्धत आहे, सीडिंग असे म्हणतात तिला. मूळची मॅड काऊ आणि सीजेडीसारख्या प्रायॉन आजारांसाठीची. कातडीचा अर्क काढायचा आणि लॅबमध्ये बनवलेल्या चांगल्या प्रोटीनच्या द्रावणात थेंबभर घालायचा. अर्कात बिघडलेलं प्रोटीन असेल तर ते विरजणासारखं काम करतं, भोवतालचं चांगलं प्रोटीनही त्याच्यासारखं दुमडायला लागतं आणि त्यात टाकलेला रंग चमकायला लागतो. नसेल तर तासन्‌तास ठेवलं तरी काही होत नाही. हेच पाठीच्या मणक्यातल्या पाण्यावर करतात, त्याचा ११२३ जणांचा स्टडी २०२३ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजीत आला, पार्किन्सन्सच्या ८७.७ टक्के लोकांत पॉझिटिव्ह. पण मणक्यातून सुई घालण्यापेक्षा कातडी बरी, म्हणून कातडीवर एवढा जोर.

नाडीचं तुमचं तुम्ही बघा :)

डोंबिवलीचा_काका

मी स्वतः पेशंट आहे. टाइप करायला वेळ लागतो, चुका माफ.

माझ्या वेळी ही टेस्ट नव्हती. डॉक्टरांनी गोळी दिली, महिन्यात चहाचा कप धरता यायला लागला, तेच माझं निदान. अजूनही तीच मोठी खूण आहे. दुखणं ओळखायला कागद लागतो हे खरं पण कागद मिळाल्यावर गोळी तीच मिळते. आजार थांबवणारं औषध आज कुणाकडं नाही. ते प्रोटीन साफ करायला अँटीबॉडीची इंजेक्शनं काढतायत, प्रासिनेझुमॅब त्यातलं एक, डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्या ट्रायलचा मुख्य निकाल हुकला, तरी कंपनी पुढच्या टप्प्यात गेलीय. मी वाचत असतो. मेल्यावर कळेल :D

ट्रॅकिंगचं सांगतो. माझी वही आहे. सकाळी गोळी किती वाजता, किती वाजता सुटलो, किती वाजता परत जाम झालो. वरण, पनीर, दूध जास्त झालं की दुपारची गोळी लागत नाही, हे वहीमुळं कळलं. दर महिन्याच्या एक तारखेला 'श्री गणेशाय नमः' पाच ओळी लिहितो. खुर्चीतून उठून दारापर्यंत जाऊन परत बसायला किती सेकंद, नातू मोबाईलवर लावतो. डॉक्टर तीच वही आधी मागतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथं अण्णांना घेऊन जा. माझ्यासारखे पुष्कळ भेटतील, निम्मी भीती तिथंच जाते.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे खूप आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणालात तसं आईला व्हिडिओ कॉलवर सगळ्या स्ट्रिपा कॅमेऱ्यापुढं धरायला लावल्या. बीपीची टेल्मिसार्टन, शुगरची मेटफॉर्मिन, आणि सकाळची कॅप्सूल: रॅबेप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड ७५ मिलिग्रॅम. कधीपासून घेतात विचारलं तर आई म्हणते कोरोनाच्या आधीपासून. कुणी चालू केली ते दोघांनाही आठवत नाही. पुण्याच्या न्यूरोलॉजिस्टनी 'बाकी कुठल्या गोळ्या' असं विचारलं होतं तेव्हा अण्णांनीच 'बीपी, शुगर आणि गॅसची' असं सांगितलं होतं, तुम्ही लिहिलंय ते वाचून हसू आलं आणि घामही फुटला.

बाकीचं: वास येत नाही, हे नक्की. मागं गॅसवर दूध उतू जाऊन पातेलं काळं झालं तरी स्वयंपाकघरातच पेपर वाचत बसलेल्या अण्णांना पत्ता नव्हता, आई त्यावरून अजून टोमणे मारते. पोट साफ नसतं, इसबगोल कायमचं. आणि झोपेचं, हे मला माहीतच नव्हतं, आई म्हणाली की शाळेत असल्यापासूनच रात्री 'बस खाली!', 'वही काढ!' असं ओरडतात आणि एकदा हात असा फिरवला की आईचा चष्मा फुटला. तेव्हापासून आई वेगळ्या खाटेवर झोपते. आम्हाला वाटायचं घोरण्यामुळं.

मग आता हे गोळीमुळं झालंय की खरा आजार आहे? बायॉप्सीनं हे तरी कळेल ना?

मिरजेचा_डॉक्टर

स्ट्रिप आजच न्यूरोलॉजिस्टना व्हॉट्सॲप करा आणि त्या कॅप्सूलचं काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या, बहुधा साध्या रॅबेप्राझोलवर आणतील. आणि सिंडोपा आपल्या मनानं बंद करायची नाही, एकदम तर मुळीच नाही.

वास नाही, जुनं बद्धकोष्ठ, झोपेतली मारामारी, आणि थरथर एकाच हाताला, तीही हात स्वस्थ असताना. हे सगळं खऱ्या आजाराकडं बोट दाखवतं. औषधामुळं झालेलं बऱ्याचदा दोन्ही बाजूंना सारखं असतं आणि त्यात वास सहसा शाबूत असतो. पण 'सहसा' आणि 'बऱ्याचदा' या शब्दांवर मी पैज लावणार नाही. दोन्ही एकत्र असू शकतं, आणि तसं असेल तर कॅप्सूल थांबल्यावर अण्णा थोडे तरी मोकळे होतील, तो फायदा कुठल्याही रिपोर्टपेक्षा मोठा. आजच एक व्हिडिओ काढून ठेवा: बोटं टॅप, चालणं, वळणं, सही. मग दर महिन्याला त्याच जागी, गोळीनंतर तेवढ्याच वेळानं.

स्लाइडवाली

बायॉप्सीनं कळेल का, तर तत्त्वतः हो. औषधानं डोपामिन अडवलेलं असेल तर कातडीत प्रोटीन साठायचं कारण नाही, म्हणजे निगेटिव्ह यायला हवी. तसंच नुसता इसेन्शियल ट्रेमर (हात कापण्याचा वेगळा, पार्किन्सन्स नसलेला त्रास) असेल तर निगेटिव्ह. पीएसपी नावाचा जो दुसरा आजार आहे, ज्यात माणूस सुरुवातीलाच पडायला लागतो आणि नजर खाली-वर होत नाही, तो दुसऱ्याच प्रोटीनचा, तोही निगेटिव्ह अपेक्षित. पण उलटं लक्षात ठेवा, निगेटिव्ह म्हणजे पार्किन्सन्स नाहीच असं नाही, शंभरात सात-आठ तर त्या उत्तम स्टडीतही निसटले होते, आणि काही जनुकांमुळं होणाऱ्या पार्किन्सन्समध्ये हे प्रोटीन साठतच नाही.

मात्र हाच प्रश्न इथल्या इथं सोडवायला ट्रोडॅट स्कॅन आहे, मोठ्या शहरांत न्यूक्लिअर मेडिसिनवाल्यांकडं होतो. मेंदूतल्या डोपामिनच्या नसांची टोकं शिल्लक किती ते त्यात दिसतं. नुसतं औषधाचं असेल तर स्कॅन नॉर्मल, खरा आजार असेल तर कमी, आणि अण्णांच्या बाबतीत डावी बाजू जास्त कमी दिसायला हवी कारण त्रास उजव्या हाताला आहे. पार्किन्सन्स की एमएसए हे मात्र त्यालाही सांगता येत नाही.

आता दादाच्या डोक्यातला ट्रॅकिंगचा मुद्दा, कारण त्यावर अजून कुणी नीट लिहिलं नाही. दरवर्षी पंच काढून आजार मोजता येईल का? आज तरी नाही. पहिली अडचण, अण्णांसारख्या माणसात, ज्यांचं झोपेतलं ओरडणं इतकं जुनं आहे, कातडीतलं प्रोटीन बहुधा थरथर सुरू व्हायच्या आधीपासूनच असेल. जे आधीच हो आहे ते पुढच्या वर्षीही हो येणार. दुसरी, ठिपके मोजायचे म्हटले तरी या वर्षीचा तुकडा आणि पुढच्या वर्षीचा तुकडा एकाच जागचा असू शकत नाही, दोन सेंटिमीटर सरकलात की घामाची ग्रंथी असेलच याची खात्री नाही. म्हणून ठिपके वाढले ते आजारानं की जागेनं, हे एका माणसापुरतं सांगता येत नाही. शंभर-दोनशे लोकांची सरासरी काढली तर कल दिसतो, साठा जास्त असलेल्यांना ऑटोनॉमिक त्रास जास्त असं काही स्टडीत दिसलंय, आणि औषधांच्या ट्रायलसाठी म्हणूनच यावर काम जोरात चालू आहे. सीडिंगमध्येही द्रावण किती पातळ करेपर्यंत पॉझिटिव्ह येतं यावरून प्रमाण काढायचा प्रयत्न करतात. तिसरी, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती, सिंडोपा हे प्रोटीन कमी करतच नाही. ती फक्त कमी पडलेलं डोपामिन भरून काढते. त्यामुळं 'गोळ्यांनी फरक पडतोय का' हे कातडीत शोधून मिळणारच नाही, ते डोंबिवलीच्या काकांच्या वहीतच मिळेल.

दादाच्या मूळ रागात तथ्य आहे हेही सांगते. नुसत्या तपासणीवरचं निदान सुरुवातीला चुकतं, आणि हे दाखवलंय त्याच्याच ॲरिझोनातल्या ब्रेन बँकेनं. २०१४ चा पेपर. मृत्यूनंतर मेंदू तपासले तेव्हा, गोळी अजून सुरू नाही किंवा गोळीचा उतार स्पष्ट नाही अशा लोकांत 'पार्किन्सन्स असावा' हे निदान फक्त २६ टक्क्यांत खरं निघालं, गोळी लागू पडलेल्या पण पाच वर्षांच्या आतल्यांत ५३ टक्के, आणि त्याहून जुन्यांत ८५ च्या वर. म्हणजे डॉक्टरांनी 'तीन महिन्यांनी या' म्हणणं हा वेळकाढूपणा नसतो, ती एक तपासणीच आहे.

ॲरिझोनातली_मीनल

हे २६ टक्केवालं आमच्याकडं कुणी आधी सांगितलं असतं तर!

थोडं अवांतर, वासाचा विषय निघाला म्हणून. स्कॉटलंडच्या जॉय मिल्न नावाच्या नर्सबाई आहेत, त्यांना नवऱ्याच्या अंगाचा वास बदललेला निदानाच्या कितीतरी वर्षं आधी जाणवला होता. मँचेस्टर युनिव्हर्सिटीतल्या पर्डिटा बॅरन यांनी त्यावरून पाठीवरचा तेलकटपणा कापसानं पुसून घेऊन त्यातली रसायनं तपासायला सुरुवात केली. म्हंजे कातडी कापायचीही गरज नाही. अजून दवाखान्यात आलेलं नाही, पण मला फार भारी वाटतं, पेशंटला वास येत नाही आणि त्याचा वास दुसऱ्याला येतो.

कृष्णाकाठ

न्यूरोलॉजिस्टचं उत्तर आलं. कॅप्सूल बंद, त्याजागी साधी. सिंडोपा सध्या आहे तीच, वाढवायची नाही, तीन महिन्यांनी व्हिडिओ घेऊन या, तेव्हाही गोंधळ वाटला तर ट्रोडॅट करू. बायॉप्सीबद्दल परत विचारलं तर यावेळी हसले नाहीत, म्हणाले मुलगा करणारच असेल तर माझी हरकत नाही पण रिपोर्ट काहीही आला तरी पुढच्या सहा महिन्यांत मी जे करणार ते बदलणार नाही.

दादाला हा धागा पाठवला. तो अजून 'पण माहिती असलेली वाईट का' यावर अडून आहे, बघू. आईचा वेगळाच प्रश्न आहे: अण्णांना शुगर आहे, तिकडं केलीच तर पायावरची जखम भरेल का?

स्लाइडवाली

शुगर कंट्रोलमध्ये असेल तर भरते. घोट्यावरची सगळ्यात हळू, मीनलताईंनी लिहिलंयच. पायावर सूज किंवा जुनी जखम असेल तर ते आधी दाखवा, पट्टी ओली होऊ देऊ नका आणि आखडलेल्या हातानं अण्णांना स्वतःची पट्टी बदलता येणार नाही तेव्हा ते काम दादाकडं द्या. शुगरवाल्यांच्या पायात बारीक नसा आधीच विरळ झालेल्या असू शकतात, आणि त्याच तुकड्यात नसांची संख्याही मोजतात. त्यामुळं रिपोर्टमध्ये पायाच्या जागेपुढं नसा कमी असं लिहून आलं तर घाबरून मला मध्यरात्री मेसेज करू नका, ते बहुधा शुगरचं असेल. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) कितीय त्यांची?